साहेब रागीट आहेत की छळ करतात? कारखान्यातल्या छळाचा पुरा हिशोब

प्रश्न: जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या एका कारखान्यात मी साडेचार वर्षांपासून अकाउंट्सला आहे. नोकरी माझ्या चुलत सासऱ्यांच्या शब्दावर मिळाली. दीड वर्षापूर्वी नवे मॅनेजर आले. बिलात माझी चूक सापडली की ते गाडीवाले, हमाल, सगळ्यांसमोर ती मोठ्याने वाचून दाखवतात. जीएसटीचा पासवर्ड बदलतात, मला सांगत नाहीत, आणि रिटर्न उशिरा गेलं की जाब मलाच विचारतात. आता रोज 'जमत नसेल तर राजीनामा लिहून द्या' सुरू झालंय. हा छळ आहे की मीच फार मनाला लावून घेते? शेठना सांगून उपयोग होईल का? याला काही कायदा आहे का?

उत्तर:

ताई, तुम्ही लिहिलंय तसंच घडत असेल तर हा छळ आहे. 'मीच मनाला लावून घेते का' हा प्रश्न कारखान्यांत, पतसंस्थांत, शाळांत कर्मचाऱ्यांचं काम पाहताना मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्याचं उत्तर आधी देतो. नाही. दीड वर्ष रोज चारचौघांत पाणउतारा झाला तर कुणाच्याही मनाला लागेल.

रागीट साहेब आणि छळणारा साहेब यांत गल्लत होते, कारण आपण आवाजाकडे पाहतो. रात्रपाळीत यंत्राच्या हॉपरमध्ये प्लास्टिकचा चुकीचा दाणा पडला, दोनशे किलो माल वाया गेला आणि फोरमन शिव्यांच्या जवळपास पोचला. वाईट वागला, त्याला समज द्यायला हवी. पण पाळी संपताना तोच फोरमन त्या पोराला चहा पाजतो, दाण्याच्या गोणीवरची खूण कशी ओळखायची ते दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी विषय संपलेला असतो. याउलट कित्येक साहेब आवाज चढवतच नाहीत. हसतमुखाने बोलतात, आणि ठरावीक एकाच माणसाला रोज थोडं थोडं कमी करत जातात. हाइन्झ लेमान या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये यावर पहिला पद्धतशीर अभ्यास केला. आठवड्यातून किमान एकदा आणि सहा महिने सलग असा त्रास चालू असेल तर तो छळ धरायचा, अशी मोजपट्टी त्याने वापरली. तुमचं प्रकरण या मोजपट्टीच्या केव्हाच पुढे गेलंय. मी स्वतः सहा महिने थांबा असं कुणाला सांगत नाही. मी एवढंच पाहतो: रोख एकाच माणसावर आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि त्या माणसाला उलट बोलायची सोय आहे का. तीनही ठिकाणी उत्तर प्रतिकूल आलं की माझ्यासाठी विषय स्पष्ट असतो.

तुमच्या पत्रातली पासवर्डची गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते, हमालांसमोरच्या अपमानापेक्षाही. कारण अपमान साक्षीदारांसमोर होतो. काम करायचं साधन काढून घेऊन काम झालं नाही म्हणून जबाबदार धरणं हे कुणाला दिसत नाही, आणि कागदावर तर चूक तुमचीच उमटते. याच जातीचे प्रकार मी आपल्याकडे खूप पाहिलेत. मीटिंगचा निरोपच न देणं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढून 'तुम्हाला माहीत नाही?' विचारणं. दहा वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं. एका ठिकाणी तर ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, एका क्लार्कचं टेबल ऑफिसातून उचलून पत्र्याच्या गोडाऊनमध्ये लावलं होतं. कारण दिलं 'जागेची अडचण'. त्याची ऑफिसातली जागा पुढे चार महिने रिकामीच होती.

भाषेवरूनचा छळ आपल्या भागात फार चालतो आणि त्याला कुणी छळ म्हणायलाच तयार नसतं. धुळ्याकडचा एक पोरगा, डिस्पॅचला नवीन लागलेला. फोनवर बोलता बोलता साहेबांना म्हणाला, "सर, गाडी उनी." अहिराणीत 'उनी' म्हणजे 'आली'. साहेब बाहेरचे. त्यांनी ते अख्ख्या ऑफिसला दोनदा म्हणून दाखवलं. त्या दिवसापासून पोराचं नावच 'गाडी उनी' पडलं. बाकीचेही हसायचे, कारण साहेब हसायचे. वर्षभरात तो पोरगा मीटिंगमध्ये तोंड उघडेनासा झाला, आणि वार्षिक शेऱ्यात लिहिलं गेलं की 'पुढाकार घेत नाही'. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडून आलेल्या भिल्ल, पावरा मुलांच्या वाट्याला हे याहून जास्त येतं. घरात अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाने ऑफिसात प्रमाण मराठीत गप्प बसावं, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

आता मुळाशी येतो. आपल्याकडे नोकरी ओळखीवर लागते. मामांनी शेठना शब्द टाकला, सासऱ्यांनी कुणाला सांगितलं, म्हणून जागा मिळाली. यात वाईट काही नाही, गावाकडे विश्वास असाच चालतो. पण तक्रार करायची वेळ आली की हीच ओळख तोंडाला कुलूप लावते. तक्रार केली तर शब्द टाकणाऱ्याची मान खाली जाईल, उद्या धाकट्या दिराला कुठे लावायचं असेल तर कोण ऐकेल, लग्नकार्यात शेठांचं घर समोर येतं तेव्हा काय बोलायचं. छळणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत लक्ष्य झालेला माणूस कामात कच्चा नव्हता. तो बांधलेला होता. घरकर्जाचा हप्ता, लहान मूल, आजारी आई किंवा ओळखीचं ओझं, यांतलं काहीतरी त्याच्यावर होतं. शिवाय तुम्हाला आणखी एक तारीख बांधून ठेवतेय, ती पुढे सांगतो.

शरीरावर काय होतं ते थोडक्यात. आधी झोप जाते. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. मग डोकेदुखी, पित्त, वाढलेला रक्तदाब, ज्यांना साखर आहे त्यांची साखर हाताबाहेर. चिडचिड घरी निघते, बहुतेक वेळा मुलांवर. पुढची पायरी जास्त वाईट असते. माणूस खरंच चुकायला लागतो, कारण प्रत्येक आकडा तो चार वेळा तपासतो आणि पाचव्यांदा घाबरून चुकीचा लिहितो. मग साहेब म्हणतात, बघा, मी म्हणत नव्हतो? तुमच्या चुका गेल्या दीड वर्षातच वाढल्या असतील तर त्यांचं कारण तुमच्या हुशारीत शोधू नका. झोप पूर्ण गेली असेल, जीव नकोसा होत असेल, तर नोकरीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

शेठना सांगून उपयोग होईल का, याचं उत्तर शेठांना काय सांगता यावर आहे. 'साहेब मला त्रास देतात' एवढंच सांगितलं तर ते दोघांना समोरासमोर बसवून 'मिळून मिसळून राहा' म्हणतील. छळ झालेल्याला छळणाऱ्यासमोर बसवून समझोता करणं मला साफ नामंजूर आहे, दुसऱ्या दिवशीपासून दुप्पट भोगावं लागतं. शेठना त्यांच्या पैशाचा हिशोब दिसायला हवा. हे वाचणारे कारखानदारही असतील, म्हणून तो मांडतोच.

समजा लूमवरचा एक हातखंडा ऑपरेटर आहे, पगार 18,000. मॅनेजरच्या जाचाला कंटाळून तो भुसावळहून सुरतची गाडी पकडतो. जागा महिनाभर रिकामी. दोघांकडून मिळून रोज चार तास जादा काम करून घेतलं, तर ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. म्हणजे अर्ध्या कामाला पूर्ण पगार गेला, 9,000 चा फटका. नवा माणूस आला, पहिले तीन महिने तो निम्मंच काम काढणार: 27,000. त्याला शिकवायला 25,000 पगाराच्या जुन्या माणसाचा पाव वेळ, तीन महिने: 18,750. बेरीज 54,750, म्हणजे तीन पगारांहून जास्त, आणि यात वाया गेलेला दाणा, उशिरा गेलेली ऑर्डर, नाराज व्यापारी धरलेलाच नाही. वर्षात असे चौघे गेले की 2,19,000. टॅलीत या खर्चाला वेगळं खातं नसतं. थोडा पगारात जातो, थोडा ओव्हरटाइममध्ये, थोडा भंगारात. म्हणून शेठना मॅनेजर 'माल काढणारा' वाटतो.

याहून मोठा खर्च भीतीचा. ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी कागदावर, गाडी नंबर जुनाच राहिलाय हे एका क्लार्कच्या रात्री आठ वाजता लक्षात आलं. माल सुरतकडे निघालेला होता, नवापूर ओलांडायच्या आत नंबर बदलला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण त्याच्या आदल्याच दिवशी किरकोळ गोष्टीसाठी फोन केला म्हणून साहेबांनी स्पीकरवर टाकून त्याची खरडपट्टी काढली होती. त्याने फोन केला नाही. गाडी गुजरातमध्ये अडली, आणि अशा चुकीत दंडाची टांगती तलवार मालावरच्या कराच्या दुपटीपर्यंत असते. मालकाने त्या क्लार्कला दोष दिला. मी मालकाला विचारलं, चूक कळल्याबरोबर सांगणाऱ्याला तुमच्याकडे काय मिळतं? जिथे चूक सांगायची भीती असते तिथे मालकाला सगळं शेवटी कळतं, तेही बाहेरच्याकडून. तुमचा पासवर्डही याच खात्यात मांडा. रिटर्नला दिवसाला जे विलंब शुल्क बसतं ते मॅनेजरच्या खिशातून जात नाही.

आणि नाव जातं ते वेगळंच. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, हा सगळा टापू एकमेकांना ओळखतो. 'तिथे नको जाऊ भो, माणूस टिकत नाही' हे वाक्य आयटीआयच्या फाटकापर्यंत पोचायला आठवडा लागत नाही. मग चांगली पोरं चाकणला नाहीतर संभाजीनगरला जातात आणि आपल्याकडे ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही ते उरतात.

हा प्रश्न एकट्या जळगावचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत काम करणाऱ्यांपैकी 22.8 टक्के लोकांनी नोकरीत कधी ना कधी हिंसा किंवा छळ सोसल्याचं सांगितलं, म्हणजे सुमारे 74 कोटी माणसं. फ्रान्स टेलिकॉम या बड्या कंपनीने 2006 नंतर 22,000 माणसं कमी करायची ठरवली. सरळ काढता येत नव्हती म्हणून बदल्या, कामं काढून घेणं, खाली ढकलणं असा दबाव लावला. कित्येकांनी आत्महत्या केल्या. 2019 च्या डिसेंबरमध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला 75,000 युरो दंड केला आणि माजी प्रमुख दिदिए लोंबार यांच्यासह वरच्या अधिकाऱ्यांना दोषी धरलं. शिवी नव्हे, मारहाण नव्हे, नुसती राबवलेली पद्धत गुन्हा ठरली.

आपल्या देशात मात्र कामावरच्या छळाला सरसकट लागू होईल असा एकच कायदा नाही. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 2019 मध्ये झाला, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. त्यामुळे तुकडे जोडून वाट काढावी लागते. वागण्यात लैंगिक रोख असेल, अंगलट येणं, सूचक बोलणं, त्यावरून त्रास, तर 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, ती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. जातीवरून लोकांदेखत अपमान झाला असेल आणि माणूस अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 351 आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे, जुन्या कायद्यातही होतं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुमच्याकडे ती आहे का, हे लेखी विचारा. ती प्रामुख्याने 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे, अकाउंट्सचं लिखापढीचं काम साधारणपणे त्यात येतं.

खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण खानदेशातून त्यांचे फोन मला फार येतात. संस्थाचालकाच्या केबिनमध्ये राजीनामा लिहून घेण्याचे प्रकार ओळखूनच 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यात कलम 7 घातलेलं आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला आणि दुसरी स्वतःकडे. दबाव आणून भलत्याच रीतीने लिहून घेतलेल्या कागदाला आव्हान देता येतं.

तुम्हाला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून राजीनाम्यावर सही करू नका. आता ती तारीख. कायम कर्मचाऱ्याची पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, हक्क बसतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तुम्हाला 16,000 मिळत असतील तर 16,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 46,000 रुपये. साडेचार वर्षांवर राजीनाम्याचा धोशा सुरू होणं मला योगायोग वाटत नाही. काही उच्च न्यायालयांनी चार वर्षं आणि पाचव्या वर्षातले 240 दिवस पुरेसे मानलेत, पण त्यासाठी भांडावं लागतं. तुमच्या नेमणुकीच्या पत्रावरची तारीख आज काढून पाहा. 'आत्ताच लिहा' म्हणाले तर 'घरी विचारून सांगते' एवढंच बोलून उठा. कोरा चेक किंवा मूळ मार्कशीट त्यांच्याकडे ठेवून घेतली असेल तर त्याची लेखी पोच मागा.

आजपासून एक साधी डायरी लिहा. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं आणि त्याने कुठलं काम अडलं. रागाचे शेरे लिहू नका. तोंडी हुकूम आला की लगेच मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप टाका: 'सर, जीएसटीचं 3बी रिटर्न भरायची शेवटची तारीख 20 आहे. बदललेला पासवर्ड माझ्याकडे नाही. कृपया आज पाठवावा, म्हणजे वेळेत भरते.' नम्र, दोन ओळी, तारखेसकट. असे चार मेसेज आणि उत्तर एकाचंही नाही, यापुढे मॅनेजरची बाजू लंगडी पडते.

मग शेठांकडे जाण्याआधी चुलत सासऱ्यांकडे जा. सगळे हे टाळतात आणि मॅनेजर तिथे आधी पोचतो. 'तुमच्या सूनबाईचं लक्ष नाही हो कामात' हे त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून गेलं तर तुम्ही जन्मभर समजावत राहाल. तुम्हीच डायरी घेऊन बसा, यजमानांना सोबत न्या, आणि स्पष्ट सांगा की तुमच्या शब्दाला बाध येईल असं मी काही केलं नाही, पण हे असं चाललंय. माझा अनुभव असा की शब्द टाकणारी बहुतेक वडीलधारी माणसं पुरावा पाहिल्यावर मागे उभी राहतात.

शेठना एकट्यांना भेटा. मार्चएंड किंवा दिवाळीची धांदल टाळा. तीनच घटना सांगा, तिन्ही कामाशी जोडलेल्या: रिटर्न का उशिरा गेलं, शुल्क किती बसलं, मेसेज कधी केला होता. मागणीही एकच ठेवा, जीएसटीचं लॉगिन तुमच्याकडे लेखी सोपवावं आणि कामाच्या चुका केबिनमध्ये सांगाव्यात. मॅनेजरला काढा, असं म्हणू नका, त्यावर शेठ नाही म्हणतील आणि विषय तिथेच बंद होईल. ते ऐकले तर उत्तम. महिनाभरात काहीच हललं नाही तर तीच गोष्ट लेखी द्या, पोच घ्या, आणि त्या पोचेसह सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा कामगार कायदे जाणणाऱ्या वकिलाकडे जा. सोबत दुसरी नोकरी शोधायला सुरुवात करा. ती मिळाली आणि पाच वर्षं भरली असतील तर जायला काहीच हरकत नाही.

डायरीच्या पानांचे आणि मेसेजचे फोटो यजमानांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. ऑफिसच्या संगणकावर किंवा कंपनीच्या मेलवर काहीही ठेवू नका, तिथला पासवर्ड तुमच्या हातात नाही.